मजेची गाडी

नको, नको, मला गाडी दाखवू नका, मी गाडी बघायला आलेलीच नाही — मघापासून हेच सांगतेय तुमच्या त्या काउंटरवरच्या बाईंना, तर त्यांनी माझ्या हातात हे गुळगुळीत पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, बसा, साहेब येतीलच. तर ते साहेब तुम्ही. बरं झालं. चार पावसाळे पाहिलेले दिसता, तुम्हाला सांगता येईल. हे बघा, ती पिवळी — ती कोपऱ्यातली हो, लिंबासारखी, बुटकी, दोनच सीटची — ती तुम्ही एका माणसाला विकू नका. बाकी साऱ्या जगाला विका. एका माणसाला नको. हसताय काय? मी गंमत करायला आलेली नाही, माझे हात बघा, गार पडलेत. उंच गृहस्थ येतात ना तुमच्याकडे, जरा पोक काढून चालतात, चष्म्याला दोरी? हं. येतात ना? ते आमचे हे. त्यांना सांगा, गेली ती गाडी, विकली. किंवा म्हणा, कंपनीने बंद केली. काहीही सांगा, तुम्ही विकणारी माणसं, तुम्हाला का थाप मारायला शिकवायचं — रागावू नका, तसं नव्हतं म्हणायचं मला. माझी जीभ आज ठिकाणावर नाही.

थांबा, जरा इकडे या, या खांबाच्या आड. तिथे उभं राहिलं की रस्त्यावरून सगळं दिसतं, तुमच्या सगळ्या भिंती काचेच्या. हं. आता बोला — काय म्हणालात, पैसे? नाही हो, पैशाचं नाही. निवृत्तीचे पैसे आहेत, त्यांचेच आहेत, त्यांनी काय करायचं ते करावं. पैशाचा प्रश्न असता तर घरीच भांडले असते, रिक्षा करून इथवर कशाला आले असते? तुम्ही विचारलं असेल ना त्यांना, कशासाठी घेताय म्हणून? विचारता तुम्ही लोक. काय म्हणाले? — मजेसाठी. बघा! मलाही तेच. जेवायला बसलो होतो, मी वाढत होते, हे म्हणाले, मी एक गाडी बघून ठेवलीय, पळणारी, दोन सीटची. मी म्हटलं, कशासाठी? आपली आहे की. म्हणाले, मजेसाठी. नुसतं एवढंच — मजेसाठी — आणि हसले आणि भात कालवायला लागले. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तुम्हाला वाटेल, यात घाबरण्यासारखं काय, म्हातारपणी हौस सुचली. तुम्ही त्यांना आत्ता ओळखता. मी आधीपासून ओळखते. या माणसाने आयुष्यात मजेसाठी काही केलेलं नाही. मजेसाठी शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही.

हे लिफ्ट तपासायचे. सरकारी खात्यात होते. इमारतीत जायचं, लिफ्टचे दोर बघायचे, ब्रेक बघायचे, दारं बघायची, आणि मग सही — ही लिफ्ट माणसं न्यायला ठीक आहे. सगळी नोकरी हेच. आणि हा माणूस स्वतः जिना चढायचा! म्हणजे कामापुरतं आत जायचं, काम संपलं की जिना. लेकीचं घर सातव्या मजल्यावर, तिथेही जिना, आणि वर पोहोचले की दोन मजले मागे राहिलेला त्यांचा श्वास यायची वाट बघत आम्ही सगळे दारात उभे. भीती म्हणजे किती हो भीती! गॅसची कळ तीनदा बघायची, कड्या तीनदा बघायच्या, झोपायच्या आधी एक फेरी आणि झोपल्यावर पुन्हा उठून एक. गाडी चालवायचे तर अशी की सायकलवाले मागून येऊन घंटी वाजवायचे. मी बाजूला बसले की आधी विचारणार, पट्टा लावलास? दाखव. ओढून दाखव. आणि कुठेही गेले — कोपऱ्यावर केस कापायला गेले — तरी फोन, पोहोचलो. निघताना फोन, निघालो. आम्ही हसायचो. लेक त्यांची नक्कल करायची, मी तर चारचौघांत सांगायचे, आमच्याकडे सुरक्षा खातं घरातच आहे.

आणि मी? मी पोहायला शिकवते. अजूनही शिकवते, हा काय पिशवीत ओला टॉवेल आहे, आत्ता तलावावरूनच आलेय. माझं काम उलटं. मुलं काठाची दांडी सोडत नाहीत, बोटं पांढरी पडेपर्यंत धरून बसतात, आणि मी पाण्यात उभी राहून सांगते, सोड. सोड म्हटलं ना, मी आहे. मग ते सोडतं, एकदा खाली जातं, वर येतं, नाकातोंडात पाणी — आणि ते रडायला लागायच्या आत मी टाळी वाजवून विचारते, झालं? काही झालं का? की ते हसतं. हीच युक्ती, तेवढ्या क्षणात विचारलं पाहिजे. किती मुलांची भीती मोडली असेल मी, मोजलेली नाहीत. मला लोक म्हणतात, बाई, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही. आणि खरंच नाही वाटायची. तेव्हा मला वाटायचं, हा माझा गुण आहे. आता कळतंय, गुण कसला — जाळीच्या बाहेर हे उभे असायचे ना! मला न्यायला यायचे, घोट्याच्या वर पाण्यात कधी पाय घातला नाही, पण जाळीला धरून उभे, माझं डोकं पाण्यावर दिसतंय का बघत. आमच्या घरात घाबरायचं काम त्यांचं होतं. मला कधी करावंच लागलं नाही. आणि आता त्यांनी ते काम सोडलंय, साहेब. एकदम सोडलंय. कुणाच्या हातात न देता, भर रस्त्यात टाकून दिल्यासारखं. आणि ते माझ्या अंगावर आलंय, आणि मला येत नाही ते.

कधीपासून? सांगते ना. निवृत्तीच्या तोंडावर. एका जुन्या इमारतीत लिफ्ट तपासायला गेले होते, आत एकटे होते, आणि लिफ्ट वरून निघाली खाली. दोर सुटला म्हणे, की घसरला — मला नीट समजलेलं नाही, हे कधी सांगत नाहीत. पण लिफ्टला खाली ते लोखंडी जबडे असतात, वेग फार वाढला की ते बाजूच्या रुळांना पकडतात. पकडलं त्यांनी. दोन मजल्यांच्या मध्ये. वर भिंत, खाली भिंत, दिवा गेलेला, आणि हे आत. अख्खी दुपार होते आत. अग्निशामक दलाची माणसं आली, त्यांनी वरून पत्रा कापून काढलं. मला फोन आला तशी मी तलावावरून धावले, ओल्या केसांनी, पायात तलावावरच्या रबरी चपला. तिथे ही गर्दी. आणि हे बाहेर आले, तोंडावर धूळ, आणि त्यांनी आधी माझा हात धरला. इतका घट्ट, माझी हाडं कळवळली. आणि मी म्हटलं — मला सवयच हो ती — मी म्हटलं, झालं? काही झालं का? सगळी माणसं हसली. आणि हेसुद्धा हसले. मोठ्याने! इतकं मोठ्याने मी त्यांना कधी हसताना ऐकलंच नव्हतं. मला काय बरं वाटलं तेव्हा. वाटलं, बघा, ज्याला जन्मभर घाबरले ते समोर येऊन उभं राहिलं आणि काही झालं नाही, भीती मोडली.

पण त्या दिवसापासून हे हसायचे थांबलेच नाहीत. म्हणजे सारखं खदखदा नाही, पण काहीही विचारा, ते हसतात. आणि भीती म्हणून उरलीच नाही कशाची. घराचं दार सताड उघडं टाकून बसतात — हा माणूस, जो कड्या तीनदा बघायचा! मी लावते, हे उठून उघडतात. म्हणतात, असू दे, कोण येतंय. न्हाणीघराची कडी लावत नाहीत, परवा जावई आले होते तरी लावली नाही, मलाच बाहेर स्टूल टाकून बसावं लागलं राखणीला. जुनी गाडी धूळ खात पडलीय, हात लावत नाहीत, म्हणतात, कंटाळा आला त्या डबड्याचा. बसही नको. पायी जातात, उन्हातान्हात, कुठच्या कुठे. आणि फोन नाही. पोहोचलो नाही, निघालो नाही. जातात ते जातात. मी खिडकीत. कुठे होतात म्हटलं की — हसतात. म्हणतात, मजेत होतो.

डॉक्टर? नेलं की! मला कुणीतरी सांगितलं, माणसाचा स्वभाव असा एकाएकी बदलला तर डोक्यात काही असू शकतं, गाठबीठ. झालं, माझी झोप उडाली. नेलं. डॉक्टरांनी हातोडीने गुडघे वाजवले, डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाले, वरवर तर ठीक आहेत, पण डोक्याचा फोटो काढून घ्या, ते मोठं यंत्र असतं ना, नळकांड्यासारखं, आत सरकवतात. गेलो. यांना तो मागून बांधायचा झगा घातला, हे त्या खोलीत गेले, यंत्र बघितलं — आणि परत आले. तसेच, झगा घालून. कपडे बदलले आणि म्हणाले, चल, मला काही झालेलं नाही, उगीच कशाला. आणि हसले! मी तिथे, त्या लोकांसमोर, हातात त्यांचा चष्मा आणि घड्याळ घेऊन उभी. म्हणजे आता मला कळणारच नाही ना, आत काय आहे ते. लेकीला फोन केला तर ती म्हणते, आई, बाबा आत्ता कुठे जगायला लागलेत, जगू दे ना त्यांना. घेऊ देत गाडी. तू कशी अशी झालीस? — मी कशी अशी झाले! मी रोज सकाळी उठून या माणसाकडे बघते आणि मला वाटतं, हे कोण? नाक तेच, चष्मा तोच, आणि आत कुणीतरी दुसराच बसून हसतोय. आता हा बिनभीतीचा माणूस तुमच्या त्या गाडीत बसणार आणि पाय दाबणार. दाबला की दाबला. थांबायचं कशाला? थांबायला भीती लागते हो. ती नसेल तर—

सरका. सरका, सरका — ते बघा, पलीकडच्या पदपथावर, पोक काढून — अहो, दार उघडा, कुठल्याही गाडीचं उघडा, ही उघडा, असू दे पिवळी तर पिवळी — डोकं, डोकं आपटलं माझं. असू दे. बसले. तुम्ही उभे रहा असे, मला झाका. गेले? नीट बघा. — ते नव्हते? छत्री? नाही, छत्री नाही वापरत हे. अगं बाई. कुणाचा तरी पोक बघून मी अशी... काय दशा झालीय बघा. नवऱ्याला बघून लपतेय, चोरासारखी.

बसू द्या हं जरा. तुम्ही असे वाकून नका बोलू, कंबर दुखेल, या ना, त्या बाजूने या, बसा आत. — केवढी खाली आहे ही. रस्त्यावरच मांडी घालून बसल्यासारखं वाटतंय. आणि आत अंधारी. छत डोक्यावर टेकतंय. यात कसली मजा?

साहेब, तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगू नका. त्यांचं लायसन्स माझ्याकडे आहे. या पिशवीत, टॉवेलच्या खाली. त्यांच्या पाकिटातून काढलं मी. कारण मला माहीत होतं, लायसन्स दाखवल्याशिवाय तुम्ही लोक चालवून बघायला देत नाही. म्हटलं, तेवढंच लांबेल. हे आपले शोधतील. पूर्वी एखादं बिल सापडलं नाही तर घर उलटंपालटं करायचे, घाम फुटायचा. मी वाट बघत होते, आता शोधतील, आता विचारतील. नाही. शोधलंच नाही! त्यांना पत्ताच नाही की ते गेलंय. आणि अजून सांगू? परवा मी विचारलं त्यांना, दोन सीट आहेत म्हणता, तर दुसरी कुणाची? म्हणाले, तुझी. येशील? मी म्हटलं, मरायला? मी नाही येत. वाटलं, आता गप्प बसतील, विषय सोडतील. माझ्याशिवाय हे कधी कुठे गेलेत? दुसऱ्या गावी लग्नाला जायचं तर मी नाही म्हटलं की हेही नाही. तर म्हणाले, बरं. मग मी एकटा जाईन. — शांतपणे. रागवून नव्हे हो, रागवून म्हणाले असते तर चाललं असतं. एकटा जाईन. मला वाटतं, ही भीती गाडीची नाहीच. आदळतील, पडतील, हे सगळं आहेच — पण हा माणूस फोन करायचा ना, पोहोचलो, तेव्हा मी वैतागायचे, म्हणायचे, कळलं हो, ठेवा. आता फोन वाजत नाही. आता मी आहे की नाही याने त्यांना काही... जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय. मी काय बोलत बसलेय इथे, परक्या माणसापाशी. तुम्ही फक्त एवढं करा, त्यांना चालवायला देऊ नका. लायसन्स नसलं तरी गोड बोलून मागतील, देऊ नका.

मागतच नाहीत? म्हणजे? — एकदाही नाही? मग इथे येऊन करतात काय? — बसतात. नुसते? याच्यात? तुम्ही बसलाय तिथे? रोज येऊन नुसते बसतात, आणि तुम्ही बसू देता? — नाही, चांगलंच आहे, मी तक्रार नाही करत, पण मला समजत नाही, चालवायची नाही, मग घ्यायची कशाला... काय उघडायला सांगतात? छप्पर? याचं छप्पर निघतं? हे, हे वरचं? हात लावून बघू? — कापड आहे. मला वाटलं पत्रा. सगळं मागे जातं? म्हणजे वर काहीच नाही? आणि हे आल्या आल्या आधी ते उघडायला सांगतात, आणि मगच बसतात.

का? — हे बघा, काही असेल तर सांगा. बायकोला सांगू नका म्हणाले? असे म्हणाले? मग तर सांगाच. सांगा हो. पाया पडू का तुमच्या?

पहिल्या दिवशी. हं. छप्पर लावलेलं होतं. तुम्ही दार लावून घेतलंत, गाडीची माहिती देत होतात... आणि हे? — ओरडले? हे ओरडले? नाही, थांबा, दार तर उघडतं ना आतून, मग — सापडेना? हाताला कडीच सापडेना. आणि काचेवर हात आपटायला लागले. यांनी. चष्मा पडला. तुम्हाला वाटलं, हृदयाचा झटका. मग तुम्हाला कळेना काय करावं म्हणून तुम्ही छप्पर उघडलंत, आणि छप्पर गेलं तसे हे मागे टेकून वर बघत राहिले, तोंड उघडं टाकून, आणि त्यांचा शर्ट सगळा — तुम्ही रुमाल दिलात. बरं केलंत. फार बरं केलंत. आणि मग म्हणाले, ही मी घेतो.

थांबा. बोलू नका जरा. दार. दार ते उघडं टाकत नाहीत. उघडं ठेवतात. कडी लावत नाहीत ती... त्यांना लावता येत नाही. जुनी गाडी, तिला पत्र्याचं छत. बसचंही तेच. आणि ते यंत्र, नळकांड्यासारखं — देवा. मी हातात चष्मा घेऊन उभी होते, त्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही मी, त्या लोकांची माफी मागत होते. पायी जातात कारण वर आभाळ असतं. म्हणजे गेलेली नाही भीती. कुठेही गेलेली नाही, सगळी आहे, होती त्याच्या दसपट आहे, आणि हा माणूस ती घेऊन दिवसभर उन्हातून फिरतो, आणि फोन करत नाही, कारण फोनवर माझ्याशी बोलला तर आवाज... आवाज मी ओळखला असता ना. ओळखला असता का? काय माहीत. घरात तर नाही ओळखलं. सहा हातांवर बसलेला माणूस. मी मेंदूत गाठ शोधत होते.

मला का नाही सांगितलं? लेकीला नको, मला? तुम्हाला कळतं, गाडी विकणाऱ्या माणसाला, आणि मला नाही? — कसं सांगणार. मी विचारलं होतं त्यांना. तिथे, सगळ्यांसमोर, ते अजून माझा हात धरून होते तेव्हाच विचारलं. हसत विचारलं. त्यावर माणूस काय उत्तर देणार हो? मुलंसुद्धा नाही म्हणत, हो, झालं, म्हणून. हसतातच.

नको, रुमाल नको, माझ्याकडे टॉवेल आहे. एक सांगा — नाही, मला भलतीच भीती वाटायला लागलीय आता, मघाची परवडली. मघाशी वाटत होतं, हा माणूस फार जोरात जाईल. आता वाटतंय, हा कसा जगतोय? घरात रात्री दार मी लावते. मी लावते, साहेब, कुलूप घालते आणि किल्ली उशाखाली घेते, कारण म्हटलं, यांना आता शुद्ध नाही, मलाच बघायला हवं. आणि हे मग उठून सगळ्या खिडक्या... रोज. रोज मी त्यांना आत घालून वरून कुलूप लावतेय, आणि हे सकाळी म्हणतात, झोप झाली छान.

किती वाजता येतात म्हणालात? आता? म्हणजे कधीही — मग तुम्ही आधी नाही का सांगायचं! उतरते मी. कसं उतरतात यातून, पाय कुठे टाकायचा... नाही, थांबा. ते बघा. ते आलेच. या वेळी खरंच तेच आहेत. इकडे नाही बघत, बाहेरच उभे आहेत, त्या कुंडीपाशी. काय करतायत? कुंडीला धरून उभे आहेत. तुमचं दार आपोआप बंद होतं ना मागे, काचेचं — त्याच्याकडे बघतायत. रोज असंच? रोज इतका वेळ? आणि तुम्ही सगळे आतून बघता? — पँटला हात पुसतायत. आता तोंड पुसलं. आता... ते बघितलंत? ते हसले. तिथे कुणी नाही, कुणाशी बोलत नाहीत, आधी हसू चढवलं आणि मग दाराला हात घातला. मी रोज दारात उभी असते ना हे घरी येतात तेव्हा. म्हणजे माझ्यासाठीही कोपऱ्यावर कुठेतरी उभं राहून...

छप्पर उघडा. लवकर, ते आत यायच्या आधी. कुठलं बटण, दाबा ना — केवढा आवाज करतंय. होऊ दे. आणि मघाशी मी जे बोलले, विकू नका वगैरे, ते सोडून द्या. विका. चालवतील न चालवतील. अंगणात ठेवून बसू आत दोघं, लोक हसले तर हसू देत. नाही, लायसन्सचं मी बघते, तो विषय तुम्ही काढू नका. तुम्ही काहीच बोलू नका, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. मी काय सांगणार त्यांना? मला कुठे येतंय काही सांगायला. एवढंच म्हणेन, अहो, मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय, खोटं कुठे बोलावं लागणार आहे, बघा ना हात. आजवर कधी म्हटलं नाही मी त्यांना असं. काय करतील कोण जाणे. हसले तर? हसले तर मग मी काय...

उतरा तुम्ही. ती त्यांची जागा आहे. उतरा, त्या बाजूने जा, मागून, आणि त्या काउंटरवरच्या बाईंनाही घेऊन जा. बघत उभे राहू नका कुणी. जा म्हटलं ना. — अहो. इकडे. अहो, इकडे, मी—